नुसतं ‘श्री’ लिहिलेली फाइल

दसऱ्याच्या सकाळी द्रोणागिरीच्या त्या कंटेनर यार्डात काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा रूपेशच्या लक्षात आलं. रूपेश यार्डाचा इलेक्ट्रिशियन. झेंडूची माळ घेऊन तो मोठ्या क्रेनच्या चाकाला बांधायला निघाला होता, आणि मध्येच थबकला. यार्डाच्या मागच्या अंगाला थंड कंटेनर उभे असतात. मासे, फळं, औषधं असा गारव्यात ठेवायचा माल त्यांच्यात भरलेला असतो आणि बोटीवर चढेपर्यंत ते यार्डाच्या विजेवर चालतात. त्यांची घरघर दिवसरात्र सुरू असते, इतकी की तिथल्या माणसांना ती ऐकूही येत नाही. आज ती घरघर नव्हती, आणि नक्की काय चुकतंय हे कळायला रूपेशला जरा वेळच लागला.

माळ तिथेच टाकून तो ऑफिसात धावला. ऑफिसात पूजा नुकतीच आटोपली होती. कॉम्प्युटरच्या पडद्यांवर हळदकुंकवाची बोटं उमटली होती, कोणीतरी कीबोर्डवरही अक्षता टाकल्या होत्या आणि मॅनेजर केतन सर सगळ्यांना पेढे वाटत होते.

“सर, मागचे सगळे बंद हायत,” रूपेश म्हणाला. “एकपन चालू नाय.”

केतन सरांच्या हातातला पेढा हातातच राहिला. मग जी पळापळ झाली तिचं वर्णन नको. रूपेशने एकेक प्लग हाताने चालू केला. थंड कंटेनर म्हणजे एक मोठा थर्मासच, दार उघडलं नाही तर काही तास तो गारवा सोडत नाही. त्यामुळे बहुतेक माल वाचला. एक मात्र वाचला नाही. त्याचं दार सकाळीच तपासणीसाठी उघडलं होतं आणि आत गोठवलेली कोळंबी होती. संध्याकाळपर्यंत त्या कोळंबीने आपण गेल्याचं सगळ्या यार्डाला वासावरून कळवलं.

माल गेला की पुढचा प्रश्न ठरलेला. खापर कोणाच्या डोक्यावर फोडायचं?

त्या सकाळी यार्डाच्या वीजबोर्डांना ‘बंद व्हा’ असा हुकूम गेला होता, आणि तो ऑपरेटर वामन घरत यांच्या कॉम्प्युटरवरून गेला होता. हुकूम देणारी स्क्रिप्ट मात्र क्षिप्रा पाध्येने लिहिलेली. क्षिप्रा त्या दिवशी सुट्टी घेऊन कामोठ्याच्या घरी आईच्या हाताखाली श्रीखंड फेटत होती. फोन आला तेव्हा ती घाबरली. पण ती भीती फार वेळ टिकली नाही, हेही खरं सांगायला हवं. स्क्रिप्ट चुकणार नाही याची तिला खात्री होती.

ही स्क्रिप्ट काय प्रकरण होतं ते आधी समजून घेतलं पाहिजे. पूर्वी एखादा थंड कंटेनर यार्डातून गेला की त्याचा प्लग बंद करायला माणूस जायचा. तो विसरला, की ते सॉकेट तसंच जिवंत राहायचं. एका पावसाळ्यात एका हेल्परला असा झटका बसला की तो वाचला हेच नशीब. मग कंपनीने वीजबोर्ड कॉम्प्युटरला जोडून घेतले आणि नव्यानेच लागलेल्या क्षिप्राला सांगितलं, वापरायला सोपं असं काहीतरी करून दे. तिने एक स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरने ओळीने काय काय करायचं याच्या सूचना. वामनकाका तिला ‘क्षिप्राची चिठ्ठी’ म्हणायचे. रोज सकाळी काकांनी एक साधी फाइल तयार करायची. वरच्या ओळीत मथळा, त्याखाली चालू ठेवायच्या कंटेनरांचे नंबर, एका ओळीत एक. मग काळ्या पडद्यावर स्क्रिप्टचं नाव, एक जागा सोडून फाइलचं नाव, आणि एंटर. फाइलमधले चालू राहतील, बाकीचे बंद.

आता माणूस फाइलचं नाव म्हणून काय देईल याचा नेम नाही, हे क्षिप्राला कॉलेजातल्या सरांनी पक्कं शिकवलं होतं. कोणी नाव द्यायलाच विसरतं, कोणी चुकीचं देतं, कोणी फाइलच्या जागी आख्खं फोल्डर देतं. म्हणून तिची स्क्रिप्ट कामाला हात घालण्याआधी एखाद्या खडूस सासूसारखी उलटतपासणी घ्यायची. नाव दिलंय का? त्या नावाचं काही आहे का? असलं तर ती फाइलच आहे ना? वाचता येते का? रिकामी तर नाही? एकाही प्रश्नाचं उत्तर वेडंवाकडं आलं तर ती तिथेच थांबायची आणि काय चुकलं ते सांगायची. सगळं जमलं तर पडद्यावर यायचं, ‘फाइल तपासली. ठीक.’ हे निरोपही क्षिप्राने मराठीत लिहिले होते, आणि त्याचा तिला मनातून अभिमान होता.

वामनकाकांची गोष्ट निराळी. यार्ड जिथे उभं आहे तिथे त्यांच्या घराची मिठागरं होती. ती गेली, बदल्यात नोकरी आली, आणि तिच्यातली बरीच वर्षं गेटवर उन्हात झेंडी हलवण्यात आणि ट्रकांची धूळ खाण्यात गेली. गुडघे गेले तेव्हा कुठे खटपट करून त्यांना आतली खुर्ची मिळाली. गावात ‘घरतांचा वामन आता कॉम्प्युटरवर बसतो’ असं लोक म्हणू लागले होते, आणि काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करत, पण ऐकत जरूर.

शिकवायच्या दिवशी त्यांचा हात कीबोर्डवर यायला तयार नव्हता.

“बाय, कायतरी चुकीचं दाबलं तर?” त्यांनी विचारलं होतं. “हिथं करंटचा मामला हाय.”

“काका, काहीही दाबा,” क्षिप्रा म्हणाली होती. “चुकीची फाइल द्या, नसलेली द्या, रिकामी द्या. ती आधी बघते. चुकलं असेल तर काही करतच नाही, नुसतं सांगते.”

आणि तिने करून दाखवलं. नसलेल्या फाइलचं नाव दिलं, स्क्रिप्ट थांबली. फोल्डर दिलं, थांबली. रिकामी फाइल दिली, तरी थांबली.

काका हसले. “ही तर आमच्या बँकेतल्या बाईसारखी हाय. कायपन नेऊन द्या, बघते आन परत देते.”

सगळं ऑफिस हसलं. त्या दिवशी क्षिप्राला वाटलं, भीती काढून टाकली की निम्मं शिकवून झालं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी केतन सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. केतन सर वाईट माणूस नव्हे. पण त्यांच्या डोक्यावर बेलापूरचं हेड ऑफिस होतं आणि हेड ऑफिसचा उद्योग म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. त्यांना कारणाशी घेणंदेणं नसतं, त्यांना नाव लागतं.

“रिपोर्ट तू लिही,” केतन सर म्हणाले. “टेक्निकल माणसाची सही असली की कोणी पुढे विचारत नाही. एकच वाक्य पुरे. ऑपरेटरने रिकामी फाइल दिली.”

“मग काकांचं काय?”

“परत गेटवर. नोकरी जात नाहीये गं त्यांची. रिपोर्ट जाईपर्यंत मी त्यांना घरीच थांबायला सांगितलंय.”

“सर, त्यांचे गुडघे...”

“मला माहीत आहे. मला काय हौस आहे का?” सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “पण स्क्रिप्टचा दोष म्हटलास, तर हेड ऑफिस म्हणणार, टाका ती स्क्रिप्ट, करा सगळं हाताने. म्हणजे पुन्हा कोणालातरी झटका. आणि तुझं कन्फर्मेशन आत्ता माझ्या टेबलावर पडलंय. त्यावर कशाला टेन्शन ओढवून घेतेस?”

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. क्षिप्रा बाहेर आली आणि लिहायला बसली. मनातून तिला थोडं हायसंही वाटलं होतं, आणि त्याबद्दल लगेच थोडी लाजही वाटली. काका चुकले असतील तर चुकले, ती काय करणार? तिने ते वाक्य लिहिलं. ‘ऑपरेटरने रिकामी फाइल दिली.’

आणि मग तिला ते वाक्य खटकलं. रिकामी फाइल दिली असती तर स्क्रिप्ट थांबली असती. ते तर तिने सगळ्यांसमोर करून दाखवलं होतं. वाक्य तरी चुकीचं असणार, नाहीतर स्क्रिप्ट.

तिने काकांच्या कॉम्प्युटरवरची ती फाइल शोधून काढली आणि उघडली. पांढऱ्या पानावर वर मधोमध एक शब्द होता. श्री. खाली काही नाही.

मग तिने आपली स्क्रिप्ट शेजारी उघडली आणि तीच फाइल घेऊन ओळीओळीने चालत गेली. फाइल आहे का? आहे. वाचता येते का? येते. रिकामी आहे का? नाही, तिच्यात मजकूर आहे. ठीक. आता पहिली ओळ मथळ्याची, म्हणून सोडून दे. खाली कोणते नंबर आहेत? एकही नाही. म्हणजे चालू ठेवायचे कंटेनर एकही नाहीत. म्हणजे सगळे बंद कर. आणि हुकमाने बंद झाले म्हणून धोक्याची घंटाही वाजली नाही. लग्नघरात जो तो आपापलं काम चोख करतो आणि मंगळसूत्र मात्र घरीच राहतं, त्यातली गत.

तिला आपली शाळा आठवली. उत्तरपत्रिका हातात आली की तीही वरच्या कोपऱ्यात बारीक ‘श्री’ लिहायची. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप जायचा. पण नुसतं श्री लिहून कोणी पेपर परत केला, तर तपासणारा त्याला कोरी उत्तरपत्रिकाच म्हणेल. श्री हे उत्तर नव्हे, ही उत्तराआधीची गोष्ट आहे, हे लहान पोरालाही कळतं. तिच्या स्क्रिप्टला कळत नव्हतं, कारण तिने ते सांगितलंच नव्हतं. तिच्या लेखी रिकामं म्हणजे जिथे एकही अक्षर नाही ते. माणसं पान कसं सुरू करतात हे तिला जन्मापासून ठाऊक होतं, आणि स्क्रिप्ट लिहिताना मात्र ते तिच्या मनातही आलं नव्हतं. याचं तिला खरंच वाईट वाटलं.

तरीही एक प्रश्न उरतच होता. फाइलमध्ये नंबर नाहीत हे काकांना माहीत होतं. मग त्यांनी ती चालवली कशाला? केतन सरांना दिलेल्या लेखी उत्तरात त्यांनी एवढंच म्हटलं होतं, की माझ्या हातून झालं.

संध्याकाळी ती त्यांच्या गावी गेली. यार्डापासून गाव लांब नाही. ट्रकांची रांग ओलांडली आणि गोदामांच्या मागे वळलं की घरं लागतात. काकांचं घर दुमजली होतं, खालच्या खोल्यांत गोदामातली पोरं भाड्याने राहायची. पायरीवर काकांची बायको पुतळाकाकी सुपात जवळा, म्हणजे बारीक सुकट, निवडत बसली होती. क्षिप्राने आपलं नाव सांगितलं तशी ती उठली, हात पदराला पुसले आणि आत तोंड करून म्हणाली, “अवं, ती चिठ्ठीवाली पोर आलीय.”

काका बाहेर आले. घरच्या बनियनमध्ये ते एकदम म्हातारे दिसत होते. त्यांनी तिला खुर्ची दिली आणि स्वतः पायरीवर बसले. चहा येईपर्यंत कोणीच कामाचं बोललं नाही.

“काका,” शेवटी क्षिप्राच म्हणाली, “त्या फाइलमध्ये नंबर नव्हते.”

“नव्हतेच. मी घातलेच नव्हते.”

“मग चालवलीत का?”

काकांनी कप खाली ठेवला. “दसरा व्हता, बाय. रोज मी काय करतो, कालची फाइल घेतो, गेलेले नंबर काडतो, आलेले घालतो. त्या दिशी मनात आलं, साडेतीन मुहूर्तातला एक, आज नवीन फाइल काडू. काडली. वर श्री लिवलं. नंबर पूजा झाल्यावर लिवनार व्हतो.”

“मग लिहून झाल्यावर चालवायची ना.”

“पन मुहूर्त पूजेच्या आदीचा व्हता. आन मुहूर्त नुसतं लिवून नाय व्हत, हात चालवाया लागतो. दुकानदार बघ, मुहूर्ताला कुलूप उघडतो आन परत लावतो. विकीत काय नाय, पन मुहूर्त झाला. मला म्हाईत व्हतं आत काय नाय. मला वाटलं, ती ‘नाय’ बोलंल. तूच बोलली व्हतीस ना, कायपन द्या, रिकामी द्या, ती आदी बघते. मी म्हटलं, चला, ती ‘नाय’ बोलंल, आपला हात लागंल, मुहूर्त व्हईल, आन कोनाचं काय जानार नाय.”

क्षिप्राने आपला कप खाली ठेवला.

“तर ती बोलली ठीक. मला वाटलं, देवाचं नाव वाचून ठीक बोलली असंल. मी हात जोडले आन पूजेला गेलो.”

हसू येण्यासारखंच होतं ते, दुसऱ्या कुठल्या दिवशी दोघंही हसली असती. क्षिप्राला वाटलं होतं काका निष्काळजीपणाने वागले. निष्काळजीपणा कसला, त्यांनी तिचा शब्द खरा मानला होता. ऑफिसात सगळ्यांना धीर यावा म्हणून ती जे सहज बोलून गेली, त्यावर एका माणसाने आपला दसरा टाकला होता.

“हे तुम्ही केतन सरांना का नाही सांगितलंत?”

“काय सांगनार? बोट माजंच व्हतं.”

“पण मी तसं म्हटलं होतं हे तरी सांगायचं.”

“तुजं नाव कशाला मधी घ्यायचं? तू नवीन हायस. तुजं अजून पक्कं व्हायचंय.”

पुतळाकाकी जवळ्याचं सूप बाजूला सारत म्हणाली, “जेवत नाय तो. गेटची भीती नाय त्याला, गेट त्यानं जलमभर केलंय. लोकं इचारतान ना, तू कोलंबी कुजवलीस काय. आमच्या गावात मासली वाया घालवली म्हंजे काय, ते तुला नाय कलायचं.”

“तू गप,” काका म्हणाले, पण त्यात जोर नव्हता.

परतताना क्षिप्राला भीती वाटत होती, आणि ती भीती तिने स्वतःपासून लपवली नाही. कामोठ्याच्या भाड्याच्या घरात तिचा पगार धरूनच सगळी जुळणी चाललेली. नोकरी पक्की होईल म्हणून आईने शेजारणीकडे आधीच बोलूनही ठेवलं होतं. एक वाक्य आहे तसं राहू दिलं तर कोणीही तिला बोल लावणार नव्हतं. अगदी काकासुद्धा नाही, आणि तेच तिला सहन होईना.

तिने रिपोर्ट नव्याने लिहिला. फाइल रिकामी नव्हती, तिच्यात एक शब्द होता. अशी फाइल थांबवणं हे स्क्रिप्टचं काम होतं, ते तिने केलं नाही. आणि चुकीची फाइल दिली तरी काही बिघडणार नाही, असं मी ऑपरेटरला स्वतः सांगितलं होतं, तो त्या शब्दावर चालला. शेवटी तिने स्क्रिप्टमध्ये काय बदललं तेही लिहिलं. आता ती मथळ्याखाली नंबर आहेत की नाहीत ते मोजते, प्रत्येक नंबर खरोखर कंटेनरच्या नंबरासारखा आहे का ते बघते, आणि कालच्यापेक्षा फारच कमी निघाले तर काहीही न करता थांबते. सगळं जमलं तरी शेवटी ‘पुढे जायचं?’ असं विचारते आणि उत्तर मिळाल्याशिवाय हलत नाही.

केतन सरांनी रिपोर्ट दोनदा वाचला.

“हे असंच पाठवायचंय?”

“हो सर.”

“कन्फर्मेशन लांबेल तुझं. मी काही करू शकणार नाही.”

“लांबू दे,” क्षिप्रा म्हणाली.

सरांनी रिपोर्ट खाली ठेवला. “श्री मीसुद्धा लिहितो गं,” ते म्हणाले. “नव्या डायरीत. मग पुढे वर्षभर काही लिहीत नाही, ते सोड.” आणि त्यांनी रिपोर्ट पाठवून दिला.

हेड ऑफिसला नाव हवं होतं, ते मिळालं. क्षिप्राचं कन्फर्मेशन पुढे ढकललं गेलं. बदलली आहे म्हटल्यावर स्क्रिप्टवर संक्रांत आली नाही आणि वामन घरत यांना कामावर बोलवा असा निरोप आला. क्षिप्राला वाईट वाटलं नाही असं नाही. घरी जाऊन ती आईशी उगाच भांडली, दुसऱ्याच कुठल्यातरी गोष्टीवरून. पण काका येणार, खुर्चीत बसणार, या विचाराने तिला झोप बरी लागली.

काका आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. रूपेशने त्यांच्या पाठीवर थाप मारली, कोणीतरी चहा आणला. काकांनी सगळ्यांना हात जोडले, खुर्ची पुढे ओढली आणि कामाला लागले. क्षिप्रा शेजारी उभी राहिली. त्यांनी नवी फाइल उघडली, मथळा टाकला आणि थेट नंबर घालायला घेतले.

“काका, श्री घाला ना वर,” क्षिप्रा म्हणाली. “आता चालतं. मी मुद्दाम तशी सोय केलीय. फक्त श्रीच्या खाली काहीतरी हवं.”

“नको,” काका म्हणाले. “देवाला कशाला मधी घ्या.”

तिला ते लागलं, पण ती हसली आणि म्हणाली, आधी मी तुम्हाला दाखवते. मग तिने पुन्हा सगळं करून दाखवलं, त्या पहिल्या दिवसासारखंच. नसलेली फाइल दिली, स्क्रिप्ट थांबली. फोल्डर दिलं, थांबली. रिकामी दिली, थांबली. शेवटी तिने नुसतं श्री लिहिलेली फाइल दिली. पडद्यावर आलं, ‘फाइलमध्ये एकही नंबर नाही. काहीही बंद केलेलं नाही.’ काकांनी सगळं नीट पाहिलं, परक्याच्या लग्नाचा व्हिडिओ बघावा तसं, मान हलवत. यावेळी बँकेतल्या बाईची गोष्ट निघाली नाही.

“आता तुमची द्या,” क्षिप्रा म्हणाली.

काकांनी सावकाश टाइप केलं. स्क्रिप्टचं नाव, एक जागा, फाइलचं नाव. एंटर दाबताना त्यांचं बोट क्षणभर वरच राहिलं, मग खाली आलं.

‘फाइल तपासली. ठीक. पुढे जायचं?’

काकांनी हात मांडीवर घेतले. मागच्या अंगाची घरघर भिंतीतून ऐकू येत होती.

“ती बोलते ठीक,” ते म्हणाले.

“हो काका. आता ती सगळं बघते.”

“त्या दिशीपन बोलली व्हती.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. ते फक्त सांगत होते. मग त्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. “तू काय बोलतेस, बाय?”

क्षिप्राने ‘ठीक’ म्हणायला तोंड उघडलं आणि तिला ते म्हणवेना. आजवर काकांची एकही फाइल तिने ती चालवण्याआधी उघडून वाचली नव्हती. तिने बाजूची खुर्ची ओढली, काकांना यार्डात उभ्या कंटेनरांच्या यादीचा कागद हातात घ्यायला सांगितला, पडद्यावर फाइल उघडली आणि पहिल्या नंबरावर बोट ठेवून मोठ्याने वाचायला सुरुवात केली.